पोळा आला, मुलांना जवळ घ्या

भाद्रपद अमावास्या आठवड्यावर आली की आमच्या निमगाव केतकीच्या दुकानांतून रंगाचे डबे, गोंडे, घुंगुरमाळा, नव्या वेसणी आणि कासरे टांगलेले दिसू लागतात. महाराष्ट्रात पोळा सगळीकडे एकाच दिवशी येत नाही. दक्षिणेकडे आषाढात बेंदूर होतो, विदर्भ-मराठवाड्यात श्रावणी अमावास्येला पोळा भरतो, तर आपल्या पुणे जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत तो भाद्रपदी अमावास्येला असतो. दिवस वेगळा असला तरी अर्थ एकच आहे. वर्षभर आपल्यासाठी राबलेल्या मुक्या जिवाचे ऋण मानायचे, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही आणि घरातला पहिला घास त्याला द्यायचा.

वाचक म्हणतील, डॉक्टर, आरोग्याच्या सदरात पोळा कशाला? दरवर्षी पोळ्याच्या संध्याकाळी माझ्या दवाखान्यात दोन-चार लहान मुले येतातच. कुणाच्या डोळ्यात चुना गेलेला असतो, कुणाच्या पायावर खूर पडलेला असतो, तर कुणी पुरणपोळी खाऊन उलट्या करीत असतो. त्याविषयी आज सांगणार आहेच. पण त्याआधी एका मुलाची हकिगत सांगतो. या हकिगतीत माझीही एक चूक आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

चार दिवसांची पोटदुखी

ही गोष्ट सप्टेंबर २०२२ मधली. त्या वर्षी जनावरांमध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली होती. राज्य शासनाने जनावरांचे बाजार, शर्यती आणि वाहतूक यांवर निर्बंध घातले होते. गोठ्यागोठ्यांत लसीकरण चालू होते आणि शेतकऱ्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

अशा दिवसांत एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा झेडपीच्या शाळेत पहिलीला होता. बरोबर त्याचे आजोबा होते.

"डाक्टर, ह्याचं प्वाट दुखतंय. चार दिस झालं, नीट जेवत न्हाई, साळंला जात न्हाई," आई म्हणाली.

दवाखान्यात गर्दी होती. मी पोट तपासले. ताप नव्हता, उलटी नव्हती, शौचाला साफ होत होते. कुठे दुखते विचारले तर मुलाने बेंबीवर हात ठेवला. मी जंताचे औषध लिहून दिले, उकळलेले पाणी द्या म्हणून सांगितले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. सगळे मिळून दोन-तीन मिनिटांत आटोपले.

तीन दिवसांनी ते तिघेही परत आले. पोटदुखी तशीच होती. आता मुलगा रात्री दचकून उठत होता आणि आईला सोडत नव्हता. या वेळी मी त्यांना शेवटी बसवून घेतले. गर्दी ओसरल्यावर मुलाला जवळ बोलावून सहज विचारले, "काय रे, पोळा आला. तुमच्या बैलांची नावं काय?"

मुलगा गप्प बसला. आजोबांनी मान फिरवली. थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, "राजा हाय. सर्जा बाजारला गेला."

"कुणी सांगितलं?"

"आयनं." मग थोडे थांबून तो हळूच म्हणाला, "पर बाजार तर बंद हाय."

खोलीत कुणी काही बोलेना. खरे काय ते आजोबांनी सांगितले. सर्जाला लम्पी झाली होती. अंगभर गाठी उठल्या, ताप उतरेना, पशुवैद्यकांनी शर्थ केली, पण बैल गेला. पोराने पाहू नये म्हणून रात्रीच जेसीबी आणून बांधाकडेला खड्डा घेतला. सकाळी मुलाला सांगितले की सर्जाला बाजारला नेला. पण बाजार बंद आहेत, हे त्याच मुलाने वडिलांच्या तोंडून ऐकले होते.

मी मुलाला विचारले, "तुला काय वाटतं, सर्जा का गेला?"

तो रडायला लागला. "म्या त्येला चाबकानं मारलं हुतं," तो म्हणाला.

खेळता खेळता त्याने एकदा बैलाला चाबूक ओढला होता. त्यानंतर काही दिवसांनी बैल आजारी पडला आणि एका सकाळी दावणीला नव्हता. सहा वर्षांच्या डोक्याने दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या. घरात कुणी खरे बोलत नव्हते, त्यामुळे विचारणार कुणाला? ते ओझे मग पोटात दुखू लागले.

मुलाचे मन कसे चालते

वाचकहो, यात नवल काही नाही. साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला मरण म्हणजे कायमचे जाणे हे नीट कळत नाही. गेलेले माणूस किंवा जनावर परत येईल असे त्याला वाटत राहते. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना आणखी एक गोष्ट वाटते. आपल्या मनात वाईट आले, आपण भांडलो, आपण मारले, म्हणून हे घडले, अशी त्यांची समजूत होते. मोठ्यांनी खोटे सांगितले की ही समजूत पक्की होते, कारण मुलाला शब्दांपेक्षा चेहरे लवकर वाचता येतात.

मनाचा ताण लहान मुलाला "मला ताण आला आहे" अशा शब्दांत सांगता येत नाही. तो पोटातून, डोक्यातून, अंथरुण ओले होण्यातून किंवा चिडचिडीतून बाहेर पडतो. ही पोटदुखी खोटी नसते. मूल ढोंग करीत नसते, त्याला खरोखरच दुखते.

मात्र प्रत्येक पोटदुखी मनाची समजून घरी बसू नये. ताप असेल, उलट्या होत असतील, विशेषतः हिरव्या रंगाच्या, शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, दुखण्याने मूल झोपेतून उठत असेल, दुखणे बेंबीपासून दूर, खास करून उजव्या बाजूला खाली असेल, किंवा पोट कडक झाले असेल, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या भेटीत मी यातल्या बहुतेक गोष्टी पाहिल्या. पण घरात काय घडले हे विचारले नाही. तो एक प्रश्न विचारला असता तर मुलाचे तीन दिवस वाचले असते.

आजोबांनी केलेला पोळा

मी आजोबांना एवढेच म्हणालो, "आबा, खरं काय ते तुम्हीच सांगा. सोप्या शब्दांत सांगा."

आबांनी नातवाला मांडीवर घेतले. "बाळा, सर्जाला रोग झाला हुता. डास, माशा, गोचीड ह्यांच्यामुळं त्यो रोग पसरतो. तुझ्या चाबकानं न्हाई झाला. डाक्टरांनी लई औषध दिलं, पर सर्जा मेला. आता त्यो येणार न्हाई." मुलगा पुष्कळ वेळ रडला. आईही रडली. मी मध्ये पडलो नाही.

जाताना आबा म्हणाले, "औंदा आमच्यात पोळा न्हाई. एका बैलाचा कसला पोळा?" मी म्हणालो, "आबा, एवढा एक वर्ष तरी बंद करू नका. ह्या पोराला त्याची गरज आहे." त्या वर्षी मिरवणूक नव्हतीच. जनावरे एकत्र आणायची नव्हती. जे काही करायचे ते घरच्या दावणीपुढेच होते.

पुढे काय झाले ते मला आईने सांगितले. आदल्या दिवशी आबांनी नातवाला घेऊन ओढ्यातली माती आणली आणि दोघांनी मिळून मातीचा एक बैल केला. एक शिंग मोठे, एक लहान झाले. पोळ्याच्या दिवशी राजाला घरीच धुतले, खांद्याला तूप-हळद चोळली. त्याच्या शेजारी, सर्जाच्या मोकळ्या जागेवर, तो मातीचा बैल ठेवला. ओवाळून झाल्यावर आबांनी नातवाला सर्जाने काय काय केले ते एकेक करून सांगितले. विहिरीचा गाळ सर्जाने ओढला. उसाची मोळी त्याने वाहिली. चिखलात रुतलेली गाडी त्याने काढली. मुलाने राजाला पुरणपोळीचा घास दिला आणि दुसरा घास मातीच्या बैलापुढे ठेवला. तिसरा घास आबांनी सांगितल्याप्रमाणे त्यांच्याकडे वीस वर्षे काम करणाऱ्या गड्याच्या पानात वाढला. तो गडी त्या दिवशी घरच्यांच्या पंगतीत पहिल्या पानावर बसला होता.

पोटदुखी त्याच दिवशी गेली असे मी सांगणार नाही. पुढच्या महिनाभरात ती दोनदा आली, पण थोड्या वेळाची. मुलगा शाळेत जाऊ लागला. दिवाळीच्या सुमारास आई दुसऱ्या कामासाठी आली तेव्हा म्हणाली, "आता सर्जाचं नाव काढतो, पर रडत न्हाई. गोष्ट सांगितल्यावानी सांगतो."

"थँक्यू म्हण" एवढ्याने भागत नाही

हल्ली पाहुण्याने बिस्किटाचा पुडा दिला की आपण मुलाला दटावतो, "थँक्यू म्हण!" मूल म्हणते आणि पुडा फोडते. शिष्टाचार म्हणून ठीक आहे. पण कृतज्ञता म्हणजे आपल्याला जे मिळाले ते कुणाच्या तरी कष्टातून आले, हे ओळखणे. ते ओळखायला दुसऱ्याचे मन कळावे लागते आणि ही समज मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास येऊ लागते. म्हणून वयाप्रमाणे अपेक्षा ठेवावी.

दोन ते तीन वर्षांच्या मुलाला उपदेश कळत नाही, ते नक्कल करते. आईने बैलाला ओवाळले की तेही हात फिरवते. तेवढे पुरे. चार ते पाच वर्षांच्या मुलाला काम द्यावे. माती मळणे, फुले आणणे, मोठ्यांनी हात धरून घास देणे. सहा ते आठ वर्षांच्या मुलाला प्रश्न विचारावा, "ही पोळी ताटात येईपर्यंत कुणाकुणाचे हात लागले?" मूल मोजू लागते. नांगरणारा, पेरणारा, पाणी धरणारा, मळणी करणारा, गिरणीवाला आणि शेवटी चुलीपुढे घामाघूम झालेली आई. आईचे नाव बहुतेक वेळा शेवटी येते किंवा येतच नाही. त्या वेळी बापाने ते आठवण करून द्यावे.

कृतज्ञतेवर शास्त्रीय अभ्यासही झाले आहेत. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावी-सातवीच्या २२१ विद्यार्थ्यांचे गट केले होते. एका गटाने दोन आठवडे रोज, ज्यांबद्दल आपण कृतज्ञ आहोत अशा पाच गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने दिवसभरातल्या कटकटी लिहिल्या. पहिल्या गटातली मुले आयुष्याबद्दल अधिक समाधानी आणि आशावादी आढळली. ही मुले मोठी होती आणि हा काही रामबाण उपाय नव्हे. तरीही ज्या घरात तक्रारींबरोबर चांगल्या गोष्टींचीही उजळणी होते, त्या घरातली मुले जरा निवांत असतात, हा माझाही अनुभव आहे.

असा सण आपल्यापुरताच आहे असेही नाही. तमिळनाडूत पोंगलच्या दिवसांत मट्टू पोंगलला गाई-बैल सजवतात. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आभाराचा सण असतो. १८६३ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी तो देशभर पाळण्याची घोषणा केली होती. तिकडे स्थायिक झालेली आपली मराठी मंडळीही त्या दिवशी सुट्टीला एकत्र जेवतात. मात्र राबणाऱ्या जनावराला सुट्टी देऊन त्याच्यापुढे ताट ठेवणे, ही आपल्या मातीतली रीत मुलांना चटकन समजते, कारण त्यात हाताने करण्यासारखे पुष्कळ आहे.

आणि ज्यांच्या दारी बैल नाही?

हा प्रश्न आता बहुतेक घरांचा आहे. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला. ट्रॅक्टर आला, दावणी रिकाम्या झाल्या. काही घरांत ट्रॅक्टरलाच हार घालतात. त्यात हसण्यासारखे काही नाही, पण मुलाचे नाते यंत्रापेक्षा जिवाशी लवकर जुळते.

विदर्भात याला एक सुंदर तोड आहे. तिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे मिळतात. आपल्याकडे मातीचे बैल पूजण्याची चाल जुनी आहेच. बाजारातून रंगवलेली जोडी विकत आणण्यापेक्षा मुलाला माती द्यावी. बैल ओबडधोबड होईल. होऊ द्यावा. माती मळण्याने बोटांची ताकद वाढते आणि तासभर मूल दूरदर्शन आणि मोबाईल विसरते. फक्त माती स्वच्छ जागेची घ्यावी, उकिरड्याशेजारची नको. नंतर साबणाने हात धुवावेत आणि नखे आधीच कापलेली असावीत.

पानमळ्याच्या, डाळिंबाच्या आणि उसाच्या या गावात आभार मानायला माणसांची वाण नाही. पहाटे दुधाची गाडी घेऊन येणारा, पाने खुडणारे मजूर, ऊसतोडीची कुटुंबे, अंगणवाडीच्या ताई, लस द्यायला दारोदार फिरणाऱ्या आशाताई. यांपैकी एकाला पोळ्याच्या दिवशी मुलाच्या हातून पुरणपोळी द्यावी. तुकोबारायांची पालखी दरवर्षी आपल्या गावी मुक्कामाला येते तेव्हा रथाच्या बैलांपुढेही लोक हात जोडतात. तीच ओळख मुलाला घरातही करून द्यावी.

सणाच्या दिवशी ही काळजी घ्या

आता माझ्या मूळ कामाकडे वळतो. खालील गोष्टी कात्रण काढून ठेवाव्यात.

चुना : विड्याच्या पानांच्या या गावात चुना घरोघर आहे आणि पोळ्याला रंगासाठीही तो वापरतात. चुन्याची पुडी किंवा नळी मुलाने दाबली की चुना उडून थेट डोळ्यात जातो. चुना डोळ्याचे बुबुळ जाळतो आणि दृष्टी जाऊ शकते. असे झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता स्वच्छ पाण्याची धार धरून डोळा किमान वीस मिनिटे धुवावा. पापणी उलटून खाली अडकलेले कणही धुऊन काढावेत. दूध, तूप, तेल, मध काहीही घालू नये. डोळा धुतल्यानंतरच गाडी काढावी आणि नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

शिंगांचे रंग : ऑइल पेंटमध्ये पूर्वी शिसे मोठ्या प्रमाणात असे. घरगुती रंगांतील शिशावर कायद्याने मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. पण जुना किंवा बिनलेबलाचा डबा असेल तर भरवसा धरू नये. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते. हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग आहे, तेही मुलांच्या हाती देऊ नये. मुलांच्या मातीच्या बैलाला हळद, कुंकू, गेरू पुरेत. थिनर आणि रॉकेल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. चुकून मुलाने घोट घेतला तर उलटी करवू नये, बाटली बरोबर घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे. गोचिडाच्या औषधांनाही हाच नियम लागू.

पाणी : बैल धुवायला कालव्यावर, ओढ्यावर किंवा शेततळ्यावर जाताना लहान मुलांना नेऊ नये. शेततळ्याचा प्लास्टिक कागद इतका निसरडा असतो की पोहणारा मोठा माणूसही वर चढू शकत नाही. नेलेच तर एका मोठ्या माणसाने फक्त मुलाकडे लक्ष ठेवावे, बैलाकडे नव्हे. आपल्या राज्यात पोळ्याला बैल धुताना बुडाल्याच्या बातम्या येतात, त्या वाचून पान उलटू नये.

लाथ आणि शिंग : गरीब बैलही वाजंत्री आणि फटाक्यांनी बुजतो. मुलाला बैलाच्या मागे उभे करू नये, पाठीवर बसवून फोटो काढू नयेत. घास द्यायचा तर कासरा मोठ्याच्या हाती, मूल मोठ्याच्या कडेवर, आणि घास उघड्या तळव्यावर. पोटाला मार बसला आणि मूल फिकट पडले, घाम आला किंवा पोट दुखत राहिले तर बाहेरून जखम नसली तरी आत रक्तस्राव असू शकतो. डोक्याला मार बसून उलट्या किंवा गुंगी आली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

धनुर्वात : गोठ्यातल्या माती-शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी. हळद, राख, शेण, चहापत्ती भरू नये. लसीकरणाचे कार्ड आजच काढून पाहावे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी, सोळा ते चोवीस महिन्यांतील आणि पाच ते सहा वर्षांतील बूस्टर, पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची लस. पाच वर्षांचे बूस्टर पुष्कळ पालक विसरतात. लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते.

खाणे : पुरणपोळी वर्षावरच्या मुलाला थोडी, मऊ करून द्यावी. एकदम दोन पोळ्या आणि वर गुळवणी म्हणजे रात्री उलट्या ठरलेल्या. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. दूध उकळूनच द्यावे. लम्पी माणसाला होत नाही, पण कच्च्या दुधातून इतर रोग होऊ शकतात. बैलालाही नैवेद्याचा घासच द्यावा. पुरणपोळी आणि कणीक जास्त झाली तर त्याचे पोट बिघडते आणि जनावर दगावूही शकते. जनावर आजारी वाटल्यास पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर विचारावे.

संध्याकाळी पाच मिनिटे

पोळ्याच्या संध्याकाळी, मिरवणूक घरी आल्यावर आणि जेवणे झाल्यावर, पाच मिनिटे मुलांना घेऊन बसावे. टीव्ही बंद ठेवावा. घरातल्या प्रत्येकाने, मोठ्यांनीही, एकाचे नाव घ्यावे आणि त्याने आपल्यासाठी काय केले ते सांगावे. मूल काहीच बोलले नाही तर आग्रह करू नये. आजीने सुरुवात केली की पुढचे आपोआप होते.

या वर्षी घरातले कुणी गेले असेल, माणूस असो वा जनावर, तर त्याचेही नाव घ्यावे. सण आहे म्हणून मुलांपासून लपवू नये. "गेला", "झोपला", "बाजारला नेला" असे न म्हणता "मेला, आता परत येणार नाही, त्यात तुझी काही चूक नाही" असे स्पष्ट सांगावे. मूल रडले तर रडू द्यावे आणि जवळ धरावे.

त्या आजोबांच्या दावणीला आता पुन्हा दोन बैल आहेत. नव्या बैलाचे नाव मुलानेच ठेवले, पण सर्जा ठेवले नाही. मातीचा तो बैल फडताळात आहे, आणि पोळ्याला अजून बाहेर काढतात असे आबा सांगतात.

पोळ्याच्या दिवशी दवाखाना रात्रीपर्यंत उघडा आहे. पण तुमच्यापैकी कुणाला मुलाला घेऊन यावे लागू नये, अशीच माझी इच्छा आहे. फक्त पाच वर्षांची लस राहिली असेल तर ती मात्र या आठवड्यात घेऊन टाका.